गॅस गिझर सारखा पेटतो-विझतो, सातारच्या थंडीत काय करू?

तळ्याकाठचा | रविवार, सकाळी ८.४०

मंडळी, अंगाला साबण लावलेला असताना सलग चौथ्या दिवशी गार पाणी अंगावर आलंय, म्हणून हा धागा.

घर साताऱ्यात, मंगळवार पेठेत. दुमजली. वरच्या बाथरूममध्ये ६ लिटरचा गॅस गिझर आहे, चार वर्षं झाली, आजवर काही तक्रार नव्हती. आता काय होतं, नळ सोडला की टक-टक-टक करून भप्पकन पेटतो, पाणी झकास कढत येतं आणि मधेच विझतो. पाणी चालूच, पण बर्फासारखं. तोटी बंद करून परत सोडली तर कधी पेटतो, कधी नुसताच बघत बसतो. थोड्या वेळाने स्वतःच परत भप्प. एका अंघोळीत चार-पाच वेळा.

मेकॅनिक येऊन गेला. आधी सेल बदलले. दुसऱ्या दिवशी म्हणाला सर्किट गेलंय, अठराशे रुपये. तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, त्यापेक्षा नवीनच घ्या की साहेब. तीन दिवसांत सेलवरून नव्या गिझरवर. मला यातलं काही कळत नाही, पण एवढं कळतं की ही चढण फार उभी आहे.

आईचं म्हणणं, माळ्यावरचा बंब काढ.

टमरेल | रविवार, सकाळी ९.०५

आईंना पाठिंबा. बंब कधी चालू-बंद होत नाही. फक्त पेटवणारा होतो.

विश्रामबागकर | रविवार, सकाळी ९.३०

आमच्या सांगलीत हा रोग घरोघरी. कारण एकच, क्षार. आमच्याकडे बोअरचं पाणी असं आहे की स्टीलच्या पातेल्यात उकळलं तर तळाला चुन्याचा थर बसतो. तोच थर गिझरच्या तांब्याच्या नळीत आतून बसतो, नळी अरुंद होते, पाणी कमी येतं, गिझर विझतो. आम्ही दर वर्षी गिझर काढून नळीत लिंबूफुलाचं पाणी भरून ठेवतो, फेस यायचा थांबला की धुऊन घेतो. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड मात्र चुकूनही घालू नका, ते थराबरोबर तांबंही खातं. माझ्या मेव्हण्याने घातलं होतं. सोमवारी गिझर खुलला, गुरुवारी गळायला लागला.

तळ्याकाठचा | रविवार, सकाळी ९.५०

आमच्याकडे कासचं पाणी आहे हो. किटलीत चार वर्षांत थर दिसला नाही.

पाना_पक्कड | रविवार, सकाळी ११.१५

तीस वर्षं एमआयडीसीत मेंटेनन्स केला, आता घरची मोरी सांभाळतो. काही बदलू नका, कुणाला पैसे देऊ नका. आधी घड्याळ घेऊन बाथरूममध्ये उभे रहा आणि पेटल्यापासून किती सेकंदांनी विझतो ते बघा. अर्धा आजार तिथेच कळतो.

गिझरच्या पोटात काय चालतं ते थोडक्यात. पाणी आत शिरलं की त्याच्या दाबाने एक रबरी पडदा फुगतो. तो एक दांडी ढकलतो, दांडीने छोटा स्विच दबतो. स्विच दबला की सेलवर ठिणगी उडते आणि गॅसचा झडपकॉक उघडतो. ज्योतीत एक सळई असते, तिला ज्योत जाणवली तर कॉक उघडा राहतो, नाही जाणवली तर बंद. आणि तांब्याच्या नळीवर कुठेतरी एक बटणाएवढी चकती चिकटवलेली असते. नळी फार तापली की ती गॅस तोडते आणि नळी निवाल्याशिवाय परत जोडत नाही.

आता घड्याळ. पेटून चार-पाच सेकंदांत विझत असेल तर सळईवर काजळी आहे किंवा सेल दमलेत. सेल मोठे, दीड व्होल्टचे दोन, मिळून तीन व्होल्ट. काही जण पैसे वाचवायला चार्जिंगचे घालतात. ते १.२ चे असतात, दोन मिळून २.४ आणि मग गॅसचा कॉक नीट धरत नाही. ज्योत हेलकावे खात, पाण्याची धार बारीक-मोठी होईल तशी विझत असेल तर पाण्याचा दाब. मिनिट-दीड मिनिट उत्तम चालून, विझायच्या आधी पाणी चटका लागण्याइतकं तापत असेल तर ती चकती. बरोबर वीस मिनिटांनी विझत असेल तर आजार नाहीच, बऱ्याच गिझरना वीस मिनिटांचं टायमर असतं, तुमची अंघोळ लांबलीय.

तुमचा कुठल्या गटात बसतो ते सांगा. आणि बादली भरायला किती वेळ लागतो तेही.

टमरेल | रविवार, सकाळी ११.२२

वीस मिनिटं? आमच्याकडे पोरगी आत गेली की एक सिलिंडर संपतो.

कढत_चहा | रविवार, दुपारी १२.१०

जरा विषयांतर. आमचा १५ लिटरचा विजेचा गिझर आहे, त्याचाही लाल दिवा सारखा लागतो आणि जातो. तोही बिघडलाय का?

पाना_पक्कड | रविवार, दुपारी १२.२५

नाही. तुमच्यात टाकी आहे. पाणी ठरलेल्या अंशावर गेलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो, निवलं की जोडतो. ते त्याचं कामच आहे. कुणी न वापरता दर दोन-चार मिनिटांनी जात-येत असेल तरच थर्मोस्टॅट दाखवा.

भूलतज्ज्ञ_मिरज | रविवार, दुपारी २.००

धागाकर्ते, तुम्ही लिहिलंय "वरच्या बाथरूममध्ये गिझर". म्हणजे बाथरूमच्या आत? दार लावून अंघोळ करता? खिडकी आहे का?

तळ्याकाठचा | रविवार, दुपारी २.२०

हो, आतच. वर एक झरोका आहे. थंडीत त्याला पुठ्ठा लावलाय.

भूलतज्ज्ञ_मिरज | रविवार, दुपारी २.३५

तो पुठ्ठा आत्ता जाऊन काढा. उत्तर नंतर लिहा.

बाकी सगळं सेल, पडदा, क्षार बाजूला ठेवा जरा. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला आपल्याला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. या वायूची तशी काही सोय नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखं होतच नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं आणि दार उघडायचं सुचायच्या आत तो खाली बसतो. लोक म्हणतात अंघोळीत चक्कर आली, बीपी लो झाला असेल. दर हिवाळ्यात पेपरात अशी बातमी असते.

घरात कुणाला अंघोळीनंतर डोकं दुखणं, चक्कर, असं काही?

तळ्याकाठचा | रविवार, दुपारी ३.१०

पुठ्ठा काढला.

आईला मागच्या आठवड्यात चक्कर आली होती. अंघोळ करून बाहेर आली आणि पलंगावर बसली. आम्ही म्हटलं उपवास होता.

भूलतज्ज्ञ_मिरज | रविवार, दुपारी ३.१८

उपवासही असू शकतो. पण आजपासून गिझर बाथरूमबाहेर निघेपर्यंत एक नियम: दार लावून आत माणूस असताना गिझर पेटलेला नको. बादल्या भरायच्या, गिझर बंद करायचा, झरोका-दार उघडं ठेवून हवा खेळू द्यायची, मग अंघोळ. आणि आईंना परत तसं झालं तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग दवाखान्यात. तिथे "गॅस गिझर आहे" हे सांगायला विसरू नका, नाहीतर कुणी त्या दिशेने बघणारच नाही.

पाना_पक्कड | रविवार, दुपारी ४.००

मॅडमचं शंभर टक्के खरं, मीच आधी विचारायला हवं होतं. ज्योतीकडेही बघा. निळी हवी. पिवळी, लाल, लवलवती असेल तर हवा कमी पडतेय किंवा बर्नरमध्ये कचरा आहे. आणि पाटीवर आयएसआय खूण आहे का बघा, या गिझरांसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे.

दार सताड उघडं ठेवूनही विझतो का, तेही तपासा. उघड्या दाराने नीट चालला तर दोष हवेचाच.

तळ्याकाठचा | सोमवार, सकाळी ७.५५

रिपोर्ट घ्या. दार, झरोका सगळं उघडं, मी कपड्यांनिशी आत, हातात मोबाइलचं घड्याळ, बायको दारात उभी राहून हसतेय.

ज्योत निळी. खूण आहे. दार उघडं असूनही विझतो. गरमची तोटी पूर्ण सोडून २० लिटरची बादली भरायला बरोबर ५ मिनिटं लागली, पण बादली भरेपर्यंत एकदाच विझला. शॉवर सोडला की मात्र साधारण दीड मिनिटाने विझतो, आणि हो, विझायच्या आधी पाणी जोरात तापतं.

पाना_पक्कड | सोमवार, सकाळी ८.३०

५ मिनिटांत २० लिटर म्हणजे मिनिटाला ४. सहा लिटरच्या, म्हणजे मिनिटाला सहा लिटर तापवणाऱ्या गिझरला हे कमी आहे. गच्चीवरची टाकी तुमच्या वरच्या बाथरूमपासून किती उंच? १० मीटर उंचीला १ बार दाब, हा हिशोब. तुमची टाकी तोटीपासून सहा-सात फूट वर असेल तर मिळतात ०.२ बार. बहुतेक गिझर ०.२ ते ०.३ च्या आसपासच जागे होतात. म्हणजे तुम्ही आधीच काठावर आहात, मधे काडी जरी आली तरी खेळ खलास.

गिझरला पाणी जिथे शिरतं तिथली नट खोला (आधी पाण्याचा कॉक बंद!), आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते. ती बघा.

आणि एक. टाकी कधी धुतली?

तळ्याकाठचा | सोमवार, रात्री ९.१५

टाकी दिवाळीच्या आधी धुतली.

जाळीत काय नव्हतं ते विचारा. शेवाळ, पांढऱ्या सिमेंटचे खडे, टेफ्लॉन टेपची गुंडाळी आणि एक आख्खी मेलेली मुंगी. जुन्या टूथब्रशने घासली. आता बादली ३ मिनिटं २० सेकंदांत. आणि बादली भरताना एकदाही विझला नाही!!

पण शॉवर सोडला की पुन्हा तेच. मिनिटभर चटका, मग बर्फ.

टमरेल | सोमवार, रात्री ९.३०

मुंगीला भावपूर्ण श्रद्धांजली. अंघोळीला गेली असेल बिचारी, मधेच गार पाणी आलं.

मँचेस्टरचा_मावळा | मंगळवार, पहाटे २.४०

इथे अजून रात्रीचे नऊच वाजलेत, म्हणून जागा आहे. मूळचा कोरेगावचा.

तुमचं वाचून मला माझा गेल्या वर्षीचा बॉयलर आठवला. इकडे बॉयलर म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटात टांगलेली पेटी, ती घरभरच्या रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरवते. माझा दर दोन-तीन मिनिटांनी पेटायचा आणि विझायचा. याला इथे शॉर्ट सायकलिंग म्हणतात. मी आधी पाण्याचा दाब बघितला, गार असताना १ ते १.५ बार हवा, तो १.२ होता. म्हणजे ठीक. मग माणूस बोलावला. इथे गॅसला हात लावायला गॅस सेफ नोंदणी असलेलाच माणूस लागतो, स्वतः पेटी खोलायची नाही. त्याने बॉयलरला हातच लावला नाही. घरभर फिरला आणि विचारलं, "रेडिएटर बंद कुणी केले?" बचत म्हणून मीच पाचातले तीन बंद करून ठेवले होते. बॉयलर घरभराची उष्णता तयार करायचा, ती घ्यायला दोनच रेडिएटर. पाणी लगेच उकळीला टेकायचं, बॉयलर विझायचा, निवलं की परत पेटायचा. दोन रेडिएटर उघडले, जाणाऱ्या पाण्याचं तापमान ७५ वरून ५५ वर आणलं. गप्प झाला.

तुमच्याकडेही मला तोच वास येतोय. ज्योत मोठी आणि ती उष्णता वाहून न्यायला पाणी थोडं. शॉवर नवीन आहे का?

तळ्याकाठचा | मंगळवार, सकाळी ७.१०

अरे बापरे.

हो. दिवाळीत बाथरूम नवीन केलं. आधी दोन वेगळे नळ होते, बादलीत गरम घ्यायचं आणि वरून विसण. आता भिंतीत एकच मिक्सर आणि छताला ताटाएवढा पावसासारखा शॉवर. हे आधी सांगायला हवं होतं का?

टमरेल | मंगळवार, सकाळी ७.१२

नाही नाही, पंचविसाव्या प्रतिसादाला सांगितलंत तरी चालेल.

पाना_पक्कड | मंगळवार, सकाळी ८.००

संपलं. सापडलं. मावळ्याला माझ्याकडून एक कंदी पेढा.

आता हिशोब बघा, कागदावर करा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण साडेदहा किलोवॅट लागतात. तुमच्या गिझरवरचा कान, म्हणजे ज्योत कमी-जास्त करायचं बटण, 'हिवाळा'वर पूर्ण फिरवलेला असणार, म्हणजे ज्योत तेवढी. थंडीत टाकीतलं पाणी १८ अंश धरू. बादलीत ६ लिटरने घेतलं तर १८ अधिक २५, ४३. उत्तम. आता शॉवरखाली तुम्ही उभे. पाणी कढत लागतं म्हणून मिक्सर थंडाकडे सरकवता. शॉवरमधून एकूण पाच लिटर येत असेल, त्यातलं अर्धं थंड. म्हणजे गिझरमधून जातंय अडीच लिटर. ज्योत तीच. अडीच लिटरला साठ अंश चढ, अठरा अधिक साठ, ७८! चकती म्हणते बाबा पुरे, आणि गॅस तोडते. गिझरने तुम्हाला भाजण्यापासून वाचवलं आणि तुम्ही त्याला शिव्या घालताय.

आणखी गंमत म्हणजे पाणी चटका देतंय म्हणून तुम्ही अजून थंड सोडता. गिझरमधलं पाणी अजून कमी होतं, अजून तापतं. म्हणजे हे दुष्टचक्र तुमच्याच हाताने फिरतंय.

विसण बादलीत घालायचं असतं. गिझरला विसण चालत नाही. मिक्सरचं थंड पूर्ण बंद करा, दांडा पूर्ण गरमकडे. गिझरवरचा गॅसचा कान कमी करा, निम्म्यावर आणा, आणि पाणी जेवढं हवं तेवढं तिथेच गरम होऊन येऊ द्या. गॅसही कमी जळेल. शॉवरच्या तोंडात पाणी वाचवायची चकती असेल तर ती काढा, तुमच्या टाकीच्या उंचीला तो चैनीचा माल आहे.

विश्रामबागकर | मंगळवार, सकाळी ८.४०

म्हणजे आमचं क्षार वाया गेलं म्हणायचं. पण खरं सांगू का, हे वाचून मी आमचा मिक्सर बघून आलो. आमच्याकडेही अर्धा थंडाकडेच असतो. लिंबूफूल घातलं की महिनाभर बरं चालतं आणि मग परत. आता शंका येतेय.

पाना_पक्कड | मंगळवार, सकाळी ८.५५

तुमच्याकडे दोन्ही आजार असतील. लिंबूफूल सोडू नका.

कढत_चहा | मंगळवार, सकाळी १०.३०

सिलिंडर संपत आला की पण असं होतं ना? आमच्या वाईच्या घरी पहाटे शेवटचे चार दिवस फार त्रास.

पाना_पक्कड | मंगळवार, सकाळी १०.४५

होतं. सिलिंडरमधला द्रव गॅस वाफ होताना टाकीचीच उष्णता घेतो, म्हणून चालू सिलिंडर हाताला गार लागतो. तळाला थोडा उरला, त्यात पहाटेची थंडी, की वाफ कमी तयार होते, दाब पडतो, ज्योत बसते. गिझर शेगडीच्या कितीतरी पट गॅस ओढतो, म्हणून आधी त्याला कळतं. पण त्यावर सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं, आडवा करणं असले प्रयोग करू नका. नळी, रेग्युलेटरपाशी वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याचं बटण दाबायचं नाही आणि १९०६ ला फोन.

तळ्याकाठचा | पुढचा रविवार, सकाळी ९.२०

शेवटचा रिपोर्ट.

मंगळवारी संध्याकाळी तुम्ही सांगितलं तसं केलं. थंड पूर्ण बंद, कान निम्म्याच्या थोडा पुढे. शॉवरच्या तोंडात खरंच एक हिरवी प्लॅस्टिकची चकती निघाली. दार उघडं ठेवून पंधरा मिनिटं चालवला. एकदाही विझला नाही. मी तिथे उभा राहून त्या निळ्या ज्योतीकडे बघत होतो, बायको म्हणाली आरती आणू का.

शनिवारी गिझर बाहेर काढला. मागच्या गॅलरीत, उघड्यावर, वर पत्र्याचं छोटं छप्पर. दीड मीटर पाइप वाढला, पाणी गरम यायला आता दहा-बारा सेकंद जास्त लागतात, चालतंय. जुन्या जागी भिंतीवर चार भोकं आणि धुराचा काळपट चौकोन राहिलाय. तो चौकोन चार वर्षं डोळ्यांसमोर होता. मला तो कधी दिसला नाही. भूलतज्ज्ञ मॅडम, तुमचे आभार कसे मानायचे ते कळत नाही, म्हणून मानत नाही.

मेकॅनिकला फोन करून सांगितलं, सर्किट नको. तो म्हणाला, "बघा, सेल बदलल्यानेच झालं."

भूलतज्ज्ञ_मिरज | पुढचा रविवार, सकाळी १०.०५

आई कशा आहेत?

तळ्याकाठचा | पुढचा रविवार, सकाळी १०.२०

मजेत. चक्कर परत आली नाही. पण बंब माळ्यावरून खाली आलाच. चिंचेने घासून परसात मांडलाय, नळीत ढलप्या घालून काल पेटवला. नळाची तोटी गळत होती, तिला डाग द्यावा लागला. पाणी असं तापलं की तीन बादल्या विसण लागलं. आई म्हणाली, "ह्याला किती पण विसण घाल, हा रुसत नाही."

टमरेल | पुढचा रविवार, सकाळी १०.२४

पहिला प्रतिसाद कुणाचा होता ते बघा फक्त.

सोलरवाली | पुढचा रविवार, सकाळी ११.४०

आत्ताच सगळा धागा वाचला. आमच्याकडे गच्चीवर सोलर आहे, सकाळी सहाला पहिल्या दोन बादल्या गारच येतात आणि मग एकदम कढत. हे पण मिक्सरमुळेच का?

पाना_पक्कड | पुढचा रविवार, दुपारी १२.००

नाही, ते पाइपमध्ये रात्रभर निवलेलं पाणी. नवा धागा काढा, तिथे येतो. आणि पाइप किती लांब, ते आधी मोजून ठेवा.